फिट्झरॉयची माणसे

आपला संघ हरला की चाहता चार दिवस नीट जेवत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. पण संघच उरला नाही तर चाहत्याने काय करायचे? पुढच्या मोसमाची वाट बघायची सोयच नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ही पाळी हजारो कुटुंबांवर आली. त्यांच्या क्लबचे नाव फिट्झरॉय. १८८३ साली हा क्लब स्थापन झाला आणि १ सप्टेंबर १९९६ रोजी त्याने वरच्या श्रेणीतला आपला शेवटचा सामना खेळला. तोही हरला, आणि थोडाथोडका नव्हे, ८६ गुणांनी.

त्याला आता तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात लोक शेजाऱ्याचे नाव विसरतात. मेलबर्नमध्ये मात्र आजही अशी माणसे भेटतात, की 'तुमचा संघ कोणता?' या प्रश्नाला ती फिट्झरॉय असेच उत्तर देतात आणि त्यापाठोपाठ खेळाडूंची नावे सांगू लागतात. ही नावे कोणती, आणि तीच का, हा आजचा विषय.

आधी खेळाविषयी थोडे. मेलबर्न आपल्याला ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे सुरू होणारी कसोटी बघायला आपल्याकडची मंडळी पहाटे पाचला उठून, शाल गुंडाळून टीव्हीपुढे बसतात. त्याच मैदानावर मार्च ते सप्टेंबर या काळात त्यांचा स्वतःचा फुटबॉल चालतो. याचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणून मैदान क्रिकेटचेच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, थोडक्यात हुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. हुकलेल्यालाही एक गुण देणारा हा खेळ मला त्यामुळेच आवडतो. दुसऱ्याने मारलेला लांबचा चेंडू हवेत स्वच्छ झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला निवांत फटका मारायला मिळतो. या झेलासाठी माणसे दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर उडतात. सामन्यात शंभर गुण होणे ही तिथे नेहमीची गोष्ट.

क्लब सगळे वस्त्यांचे. कोल्हापुरात जसे पेठेपेठेच्या तालमीचे फुटबॉल संघ असतात आणि माणूस कुठल्या पेठेतला त्यावर तो कोणाच्या बाजूने ओरडणार हे ठरते, तसेच. फिट्झरॉय ही शहराच्या मध्यभागाला लागून असलेली, कारखान्यांत राबणाऱ्यांची दाटीवाटीची वस्ती. स्मिथ स्ट्रीट नावाचा रस्ता ओलांडला की कॉलिंगवूड. मध्ये एक रस्ता, पण खेळाच्या बाबतीत जन्माचे वैर! फिट्झरॉयचे मैदान ब्रन्सविक स्ट्रीटवर. तिथले १८८८ सालचे लाकडी प्रेक्षागार आजही उभे आहे. १८९७ साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या संस्थापक क्लबांत फिट्झरॉय होता आणि त्याने आठ अजिंक्यपदे मिळवली. त्यातले १९१६ चे तर गमतीचेच. महायुद्धामुळे त्या वर्षी चारच संघ उतरले. साखळीत फिट्झरॉय चौथा, म्हणजे शेवटचा आला. पण चारही संघ बाद फेरीत गेले आणि तिथे शेवटच्यानेच सगळ्यांना हरवून चषक नेला.

आठवे अजिंक्यपद १९४४ चे. त्यानंतर एकही नाही. म्हणजे १९९६ साली क्लब गेला तेव्हा अजिंक्यपद पाहिलेला चाहता किमान पन्नाशीपलीकडचा होता. त्याहून लहान असलेल्यांनी चषक फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेला. अशा चाहत्यांपाशी आठवणीला काय उरते? माणसे उरतात. फिट्झरॉयच्या जर्सीत हजाराहून अधिक खेळाडू खेळून गेले. त्यातली काही नावे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावांसारखी घेतली जातात.

सर्वांत जुन्या पिढीचे नाव हेडन बंटन. या खेळात १९२४ पासून ब्राउनलो पदक दिले जाते. सामना संपल्यावर मैदानावरचे पंच तीन खेळाडूंना तीन, दोन, एक अशी मते देतात आणि वर्षअखेर बेरीज होते. केवळ उत्तम खेळून भागत नाही, खेळ सभ्यही असावा लागतो. गैरवर्तनामुळे बंदी आलेला खेळाडू बाद. बंटन १९३० साली ऑल्बरी या गावाहून फिट्झरॉयला आला, पण त्याला क्लबने नियमाबाहेर जाऊन पैसे दिल्याचे उघड झाले आणि ते वर्ष त्याला बाहेर बसून काढावे लागले. पुढच्या वर्षी मैदानात उतरला आणि पहिल्याच मोसमात पदक घेतले. १९३२ साली पुन्हा. १९३५ साली तिसऱ्यांदा. मधल्या १९३३ चे पदक त्याच्याच संघातल्या विल्फ्रेड स्मॉलहॉर्नला आणि १९३६ चे डिनी रायनला. म्हणजे सहा वर्षांत पाच पदके एका क्लबाकडे! आणि त्या सबंध दशकात अजिंक्यपद? एकही नाही. देशातली उत्तम माणसे एका संघात होती आणि संघ हरत होता. हे कोडे फिट्झरॉयच्या म्हाताऱ्यांना कधी सुटले नाही, आणि मला वाटते त्यांना ते सोडवायचेही नसावे.

बंटनची एक आठवण मात्र पदकांहून मोठी आहे आणि तिच्यासाठी डग निकोल्सची ओळख करून द्यायला हवी.

निकोल्स हा योर्टा योर्टा समाजातला आदिवासी तरुण. १९०६ साली न्यू साउथ वेल्समधल्या कमरागंजा वसाहतीत जन्मलेला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पाय विजेचे. पैशाच्या शर्यती तो धावून जिंकत असे, जत्रेतल्या तंबूत मुष्टियुद्धही खेळलेला. १९२७ साली तो मेलबर्नच्या कार्लटन क्लबात खेळायला गेला. तिथे त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याला दूर ठेवले गेले. सरावानंतर खेळाडूंचे पाय चोळून देणाऱ्या माणसांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. विटाळ हा शब्द आपल्या भाषेत आहे, कन्नडमध्ये मैलिगे आहे. ती गोष्ट इंग्रजी बोलणाऱ्यांतही होती, एवढेच.

निकोल्स तिथून निघाला. नॉर्थकोट या दुय्यम श्रेणीतल्या क्लबाकडून पाच वर्षे खेळला, त्यांना १९२९ चे अजिंक्यपद मिळवून देण्यात त्याचा वाटा होता. मग १९३२ साली फिट्झरॉयने त्याला बोलावले. पहिल्या दिवशी तो कपडे बदलण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात एकटाच बसला. पूर्वीचा अनुभव गाठीला होता, उगाच कोणाच्या जवळ जायचे कशाला? तेव्हा देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू, हेडन बंटन, उठून त्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्या शेजारी बसला. बस, इतकेच. भाषण नाही, ठराव नाही. पण बंटन जिथे बसतो तिथे कोणी नाक मुरडणार नाही, हे त्या खोलीला कळले.

निकोल्स फिट्झरॉयकडून चोपन्न सामने खेळला. १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडला गेलेला तो पहिला आदिवासी खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतींनी अखेर त्याचा खेळ आटोपला. पुढे तो पाद्री झाला. फिट्झरॉय वस्तीतच, गोर स्ट्रीटवरच्या प्रार्थनाघरात तो आपल्या लोकांत काम करी. शहरात पोटासाठी आलेल्या आदिवासी कुटुंबांना जाग्यावर उभे करणे, त्यांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी भांडणे हेच त्याचे आयुष्य झाले. १९७२ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. १९७६ साली तो साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचा गव्हर्नर झाला. ज्याच्या पायाला तेल लावायला माणसे तयार नव्हती, त्याच्या स्वागताला सैन्याची मानवंदना! १९८८ साली सर डग गेले. २०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये दरवर्षी आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ होणाऱ्या फेरीला त्यांचे नाव आहे. सगळे क्लब त्या वेळी आदिवासी चित्रकलेने सजलेल्या जर्सी घालून उतरतात, आणि त्यात कार्लटनही असतो.

म्हणून फिट्झरॉयचा म्हातारा बंटनविषयी बोलताना तीन पदके सांगतो, पण थांबतो ते त्या कोपऱ्यापाशी. अजिंक्यपद न मिळाल्याची भरपाई त्याने तिथे शोधून ठेवली आहे. मला यात काही चूक दिसत नाही.

स्मॉलहॉर्नचीही गोष्ट अशीच मैदानाबाहेरची. त्याला सगळे 'चिकन' म्हणत. १९४२ साली सिंगापूर पडले. आझाद हिंद सेनेच्या निमित्ताने ते साल आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. त्या वेळी जपान्यांच्या हाती लागलेल्या हजारो ऑस्ट्रेलियन सैनिकांत स्मॉलहॉर्नही होता. चांगीच्या बंदी छावणीत, अर्धपोटी अवस्थेत, या लोकांनी चक्क फुटबॉलची साखळी स्पर्धा भरवली. स्मॉलहॉर्नचा तिच्यात पुढाकार होता. १९४३ साली तिथल्या उत्तम खेळाडूला, सेंट किल्डा क्लबच्या पीटर चिटीला, ब्राउनलोच्या नावानेच पदक देण्यात आले. स्वतः खरे ब्राउनलो पदक मिळवलेला माणूस छावणीत हजर होता, म्हणून त्या पदकाला वजन आले. भुकेल्या माणसांनी धावपळ करून दुखापती ओढवून घेऊ नयेत म्हणून पुढे ते सामने बंद झाले. स्मॉलहॉर्न जिवंत परतला, पण पुन्हा वरच्या श्रेणीत खेळला नाही.

युद्धानंतरच्या पिढीचा ॲलन रुथव्हेन. त्याला 'बॅरन' म्हणत, म्हणजे सरदार. १९५० चे पदक त्याचे. त्यानंतरच्या पिढीसाठी मात्र दुसऱ्या कोणाचे नाव घ्यायचे कारणच नाही. केव्हिन मरे.

मरेच्या वडिलांनीही फिट्झरॉयची जर्सी घातलेली. मरे १९५५ साली आला आणि मधली दोन वर्षे पर्थकडे काढून १९७४ पर्यंत फिट्झरॉयसाठी ३३३ सामने खेळला. पाठीवर दोन आकडा, दोन्ही दंडांवर गोंदलेले, आणि जर्सीखाली दुखऱ्या पाठीला आवळून बांधलेला पट्टा. त्या पट्ट्याची आठवण सांगितल्याशिवाय मरेची गोष्ट पुरी होत नाही. त्याच्या काळात संघ इतका दुबळा होता की १९६३ आणि १९६४ या दोन मोसमांत मिळून फिट्झरॉयने एकच सामना जिंकला. मरे तेव्हा कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही होता. आणि गंमत अशी, की तो एकमेव विजय मिळाला त्या दिवशी मरे मैदानावर नव्हताच! राज्याच्या संघातून खेळायला तो बाहेर गेला होता. त्याच्या गैरहजेरीत संघाने जीलाँगला हरवले, आणि त्या वर्षीचा चषक पुढे जीलाँगनेच नेला. फिट्झरॉयची माणसे ही गोष्ट सांगताना हसतात. दोन वर्षे दर शनिवारी पाठीला पट्टा बांधून हरायला उतरणारा कर्णधार, आणि जिंकण्याचा दिवस त्याच्या वाट्याला नाही. १९६९ साली त्याला ब्राउनलो पदक मिळाले तेव्हा, एका माणसाच्या गळ्यात पडलेले पदक सबंध वस्तीने आपले मानले.

इथे एक लक्षात घ्यायला हवे. मरे सर्वोत्तम होता म्हणून तो पहिला आठवतो असे नाही. बंटन त्याच्यापेक्षा सरस म्हणणारे पुष्कळ आहेत. मरे राहिला, म्हणून आठवतो. हरणाऱ्या संघात माणूस राहतो, याचे मोल हरणाऱ्या संघाच्या चाहत्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही.

कारण एव्हाना क्लबला घरच राहिले नव्हते. १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीट सुटले. मग कार्लटनचे मैदान, मग सेंट किल्डातले जंक्शन ओव्हल, मग दोन वर्षे चक्क कॉलिंगवूडच्या मैदानात भाडेकरू, पुन्हा कार्लटन, शेवटी फूट्सक्रे. ज्या स्मिथ स्ट्रीटपलीकडे शिव्या देण्यात तीन पिढ्या गेल्या, तिथेच पाहुण्यासारखे राहायचे! भाड्याच्या घरात राहिलेल्यांना हा अनुभव कळेल. भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारावे लागते.

तरीही त्याच भटकंतीत चांगले दिवस आले. २८ जुलै १९७९ रोजी फिट्झरॉयने मेलबर्न संघाला १९० गुणांनी हरवले. वरच्या श्रेणीत एवढ्या फरकाने आजवर दुसरा कोणी जिंकलेला नाही. बर्नी क्विनलनचे लांबच लांब फटके याच काळातले. लोक त्याला 'सुपरबूट' म्हणत. १९८१ चे ब्राउनलो त्याला आणि साउथ मेलबर्नच्या बॅरी राउंडला विभागून मिळाले. दोघेही आधी फूट्सक्रेकडून एकत्र खेळलेले. पूर्वीच्या नियमाने बरोबरी झाली तर एकालाच पदक मिळत असे, पण नियम बदलला आणि दोघे मित्र एकाच रात्री मानकरी झाले. क्विनलनने पुढे १९८३ साली ११६ आणि १९८४ साली १०५ गोल केले. आणि मग मिक कॉनलन. १९८६ च्या बाद फेरीत एसेंडनविरुद्ध शेवटच्या क्षणांत त्याने मारलेला गोल, आणि एका गुणाने विजय. तो एक गोल फिट्झरॉयच्या घरांत इतक्यांदा सांगितला गेला आहे, की त्या वेळी जन्माला न आलेल्यांनाही तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो.

खेळाडू गेलेही. पैसा नव्हता, तेव्हा जाणारच. पॉल रूस हा फिट्झरॉयचा अत्यंत लाडका खेळाडू. २६९ सामने खेळून १९९४ नंतर तो सिडनीला गेला. पुढे २००५ साली प्रशिक्षक म्हणून त्याने सिडनीला ७२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवून दिले. ॲलिस्टर लिंच १९९३ च्या अखेरीस ब्रिस्बेनला गेला, दहा वर्षांच्या करारावर. गेलेल्यांवर चाहते रागावले नसतील असे नाही. पण घरातला मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेला म्हणून आई त्याचे नाव टाकत नाही. मरेच्या ओळीत रूसला बसवणार नाहीत, पण पंगतीतून उठवणारही नाहीत, असा काहीसा निवाडा त्यांनी केला आहे.

शेवट कसा झाला ते थोडक्यात सांगतो. १९८९ साली फिट्झरॉय आणि फूट्सक्रे या दोन क्लबांचे एकत्रीकरण जवळजवळ ठरले होते. फूट्सक्रेच्या लोकांनी दारोदार वर्गणी गोळा करून आपला क्लब वाचवला. त्याच फूट्सक्रेने, म्हणजे आजच्या वेस्टर्न बुलडॉग्जने, २०१६ साली चषक जिंकला. फिट्झरॉय मात्र कर्जात रुतत गेला. प्रशांत महासागरातल्या नाउरू या चिमुकल्या बेटावरच्या विमा महामंडळाचे कर्ज त्याच्या डोक्यावर होते. जून १९९६ मध्ये त्या सावकाराने कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हाती दिला. नॉर्थ मेलबर्नशी एकत्र व्हायची बोलणी फिसकटली आणि ४ जुलै रोजी जाहीर झाले, की फिट्झरॉय ब्रिस्बेन बेअर्समध्ये मिळवला जाणार. ब्रिस्बेन म्हणजे मेलबर्नपासून जवळजवळ सतराशे किलोमीटर. त्या मोसमात संघाने एकच सामना जिंकला होता. २५ ऑगस्ट रोजी मेलबर्नमधला शेवटचा सामना रिचमंडविरुद्ध झाला, तेव्हा ज्या संघाला एरवी फारशी माणसे मिळत नसत त्याच्यासाठी ४८ हजारांवर माणसे आली. फिट्झरॉय १५१ गुणांनी हरला. आठवड्याने पर्थमध्ये तो दुसरा पराभव झाला आणि खेळ संपला. फिट्झरॉयचे आठ खेळाडू ब्रिस्बेनला गेले. नव्या संघाचे नाव ठेवले ब्रिस्बेन लायन्स. सिंह फिट्झरॉयचा, गाव दुसऱ्याचे.

आता खरा पेच. या नव्या संघाने २००१, २००२ आणि २००३ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे जिंकली. ५७ वर्षे ज्याची वाट पाहिली, ते क्लब बुडाल्यावर पाच वर्षांत मिळाले. हे यश कोणाचे? आपल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही चालते, म्हणून हा प्रश्न मी भाषेतून मांडतो. मराठीत 'आमचा' आणि 'आपला' हे दोन वेगळे शब्द. 'आमचा' म्हटले की ऐकणारा बाहेर, 'आपला' म्हटले की तोही आत. कन्नडमध्ये दोहोंना एकच, 'नम्म'. फिट्झरॉय चाहत्यांच्या घराघरांत नेमका हाच वाद झाला. ब्रिस्बेनचे लोक म्हणत, संघ आमचा. काही फिट्झरॉयवाले म्हणाले, आता तो आपला. काहींनी नॉर्थ मेलबर्नसारखा दुसरा क्लब धरला. आणि काहींनी फुटबॉल बघणेच सोडून दिले. ज्या घरात चार माणसे एका स्कार्फखाली बसत, तिथे वडील एकीकडे आणि लेक दुसरीकडे असे झाले. माझे मत विचाराल तर, यातले कोणीही चूक नव्हते. ज्याचे त्याचे दुःख, ज्याची त्याची रीत.

या वादात खेळाडूंच्या आठवणींनीच मोठे काम केले. ब्रिस्बेनच्या विजयी संघात क्रिस जॉन्सन होता, फिट्झरॉयहून गेलेल्या आठांपैकी एक. तिन्ही अंतिम सामन्यांत तो खेळला. लिंचही तिन्हींत होता. मार्टिन पाइक फिट्झरॉय सोडून नॉर्थ मेलबर्नमार्गे तिथे पोचला होता. लोकांनी ब्रिस्बेनकडे पाहिले ते या ओळखीच्या चेहऱ्यांकडे बघत. सासरी गेलेल्या मुलीच्या निमित्ताने व्याह्यांकडे जाणे-येणे सुरू व्हावे, तसे. जॉन्सन स्वतः आदिवासी. २००५ साली निवडलेल्या आदिवासींच्या शतकाच्या संघात सर डग यांच्या वारसाला जागा मिळाली, आणि तोही फिट्झरॉयचाच. २००७ साली जॉन्सन निवृत्त झाला, तेव्हा फिट्झरॉयची जर्सी घातलेला एकही खेळाडू वरच्या श्रेणीत उरला नाही.

मग दोनच वर्षांत भांडण पेटले. २००९ च्या अखेरीस ब्रिस्बेनने जर्सीवरचा फिट्झरॉयचा जुना सिंह काढून नवे बोधचिन्ह आणले. एक चित्र बदलले म्हणून इतका कल्लोळ कशाला, असे बाहेरच्याला वाटेल. पण फिट्झरॉयच्या चाहत्यांपाशी मैदान नव्हते, संघ नव्हता, आता ओळखीचा खेळाडूही नव्हता. छातीवरचा तो सिंहच काय तो उरलेला. फिट्झरॉय क्लब कागदोपत्री जिवंत होता, तो न्यायालयात गेला. एकत्रीकरणाच्या करारात सिंहाविषयी शब्द दिला होता, असे त्याचे म्हणणे. २०१० साली तडजोड झाली आणि २०१५ साली जुना सिंह जर्सीवर परत आला. जर्सीच्या पाठीवर मानेखाली दोन्ही जुन्या क्लबांची आद्याक्षरे बारीक अक्षरांत असतात. २०२४ आणि २०२५ साली ब्रिस्बेनने पुन्हा चषक जिंकला, तो याच सिंहाखाली.

२०२४ च्या विजयानंतर दुसऱ्या दिवशी संघ चषक घेऊन ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्या जुन्या मैदानावर गेला. वस्ती आता पार बदलली आहे. कामगारांच्या चाळवजा घरांना भारी किमती आल्या आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीची दुकाने. ज्यांचे आजोबा तिथे चपला-बुटांच्या कारखान्यात राबले ती कुटुंबे केव्हाच दूरच्या उपनगरांत गेली. चषक बघायला ती परत आली.

आणि तिथे आता सामनेही होतात. २००९ सालापासून फिट्झरॉय क्लब पुन्हा मैदानात उतरतो, हौशी खेळाडूंच्या लीगमध्ये. पगार नाही, टीव्ही नाही. हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी मुले जुन्या रंगांची जर्सी घालून धावतात, आणि कडेला उभे असलेले एखादे आजोबा दोन नंबरच्या पोराकडे जरा जास्तच बारकाईने बघत असतात.